चिमटीतलं कापड

नट म्हणून मी सुमारच. हे कुणी तोंडावर सांगायच्या आधीपासून मला ठाऊक होतं आणि त्याचं फारसं दुःखही नव्हतं. दार उघडून ‘साहेब आलेत’ म्हणणारा नोकर, ऑपरेशन थिएटरबाहेर येऊन मान खाली घालणारा डॉक्टर, लग्नाच्या गर्दीत मागच्या रांगेत हसणारा दूरचा काका, अशी कामं करता करता केस पांढरे झाले. मग एके दिवशी रोजच्या मालिकेत नायिकेच्या बाबांचं काम करणारा नट भांडून निघून गेला, आणि मी तिथेच घुटमळत होतो म्हणून त्याचा कोट माझ्या अंगावर चढवला गेला.

पहिल्याच शॉटला दिग्दर्शक वैतागला. “बाबा लाकडी वाटतायत हो. जिवंत माणूस हातांनी काही ना काही करत असतो की नाही?”

काही सुचेना तेव्हा मी समोर उभ्या नायिकेच्या बाहीची कडा चिमटीत धरली, अंगठ्याने हलकेच चोळली, आणि मान किंचित कलती करून म्हणालो, “बघू, बघू.”

“हे कुठून काढलंत?” दिग्दर्शकाने विचारलं.

“सुचलं,” मी म्हणालो.

सुचलं कुठलं, डोंबल! ते दादाचं होतं. दादा माझा थोरला भाऊ, शिंपी. वडील गेल्यावर त्याने शाळा सोडून मशीन धरलं आणि माझं शिक्षण, माझी नाटकाची खुळं, सगळं निस्तरलं. आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलायच्या आधी तो त्याच्या कापडाला चिमटीत धरून चोळायचा, ‘बघू, बघू’ म्हणायचा, आणि ते कापड किती आटेल, कुठे झोल देईल, हे त्या चिमटीला आपोआप कळायचं. “आमच्या ह्यांचे डोळे बोटांत आहेत, भाऊजी,” असं वहिनी कौतुकाने म्हणायची. लग्न होऊन घरात आली त्या दिवसापासून तिने मला भाऊजीशिवाय दुसरी हाक मारलेली नाही.

चिमूट गाजली. लोक रस्त्यात अडवून हसत हसत बाही पुढे करायला लागले. आमच्या धंद्यात एकदा पडद्यावर दिसलेली लकब सोडता येत नाही, मी विसरलो तर कंटिन्युटी सांभाळणारी मुलगी मॉनिटरमागून ओरडायची, “सर, चिमूट राहिली!”

काही दिवसांनी दुकानात गेलो तर दादासमोर गिऱ्हाईक तणतणत उभं होतं. पँट घोट्याच्या वर गेली होती.

“आटलं रे,” दादा मला म्हणाला. “कळलंच नाही मला.” आणि टेबलावर पसरलेल्या नव्या कापडावरून तो अंधारात भिंत चाचपावी तसा सपाट तळवा फिरवत राहिला. वय झालं त्याचं, मी मनाशी म्हटलं.

पुढे मालिकेत बाबांना आणखी काही हवं होतं, म्हणून मी उत्तर देण्याआधी दादासारखा दोनदा घसा खाकरायला लागलो. दादाचं खाकरणं थांबलं. मग कपाळावर चढवलेला चष्मा घरभर शोधणं उचललं, आणि दादा चष्मा मुकाट खिशात ठेवायला लागला. तेव्हा मला कळलं. मी काही मूर्ख नाही. पण कळल्यावर मी काम सोडलं नाही, दादाकडे जाणं सोडलं. वहिनीचा फोन आला की शूटिंग आहे म्हणून सांगायचो. लाज वाटत होती, आणि त्या लाजेसकट मी रोज वेळेवर मेकअपला बसत होतो.

अशात तो प्रसंग आला. रुसून गेलेली मुलगी परत येते आणि बाबा पहिल्यांदाच मनापासून हसतात.

दादाचं हसू म्हणजे आधी नुसते खांदे हलायचे, आवाज नाही. मग नाकातून बारीकशी शीळ यायची, आणि शेवटी शेजारच्याच्या मांडीवर थाप. ‘स्थळ साधंच होतं, मी त्या हसण्यावर भुलले,’ असं वहिनी अजून सांगते. हे एवढं त्याच्याकडे राहू दे, असं मी आरशासमोर स्वतःला बजावलं, आणि पहिल्या टेकला माझं स्वतःचं हसलो.

“कट! काय झालं, ठसका लागला का?”

मागे कुणीतरी खिदळलं. बस, एवढंच. त्या एका खिदळण्यापायी मी दुसऱ्या टेकला खांदे हलवले. शीळ आली, थाप पडली. लाइटवाल्यांनी डोळे पुसले, सगळ्या युनिटने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दादाच्या घरी गेलो. दादा खिडकीपाशी धुतलेले कपडे घालून गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, नुकत्याच आलेल्या पाहुण्यासारखा. वहिनी स्वयंपाकघरात होती. मी आलेलं तिला कळलं नव्हतं. मी दादाला त्याचेच जुने किस्से सांगितले, ज्यांवर तो हसून हसून बेजार व्हायचा. “हो का,” तो प्रत्येक वेळी मन लावून म्हणाला.

माझा धीर सुटला. मी त्याच्या पायांशी बसलो, त्याची बाही चिमटीत धरली, घसा खाकरला, खांदे हलवत तसाच्या तसा हसलो, शीळ घातली, त्याच्या मांडीवर थाप मारली. “घे रे दादा,” मी रडत म्हणालो, “तुझं तू परत घे. मला नको.”

तो कौतुकाने बघत राहिला.

“छान करता हो तुम्ही,” दादा मला म्हणाला. “अगदी खरं वाटतं.”

तेवढ्यात आत भांडं वाजलं, आणि कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता अशा हलक्या, सुखावलेल्या आवाजात वहिनीने हाक मारली, “अहो, हसताय काय एकटेच? ताट वाढलंय. गार होतंय.”

मी दादाकडे पाहिलं. हाक ज्याला आली त्याच्याकडे बघावं तसा तो माझ्याकडे बघत होता. मग त्याने अदबीने पाय आत ओढून घेतले, मला जायला वाट व्हावी म्हणून.

वहिनी, मी आहे, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं, तर घसा आपोआप दोनदा खाकरला गेला.

“आलो गं,” मी म्हणालो.