फोन करू नये

"बाई, समजा एखादा वाचक अंगावर धावून आला, तर त्याला जाडा शब्दकोश फेकून मारावा की पातळ?"

हा प्रश्न माझा नव्हता, माझ्या वर्गातल्या टकळीचा होता. ती शेजारच्या खुर्चीतून मला कोपरानं ढोसत होती आणि तिच्या पलीकडे आमची तिसरी मैत्रीण, चष्मा, तोंडात रुमाल कोंबून हसू दाबत होती. पैज अशी होती की मी उभं राहून, खणखणीत आवाजात, एकही शब्द न गाळता हे विचारलं, तर पुढचा आठवडाभर माझं दप्तर टकळी वाहणार. मागच्या वर्षीची मी असते तर खुर्चीखाली शिरले असते. पण यंदा वादविवादात शाळेला ढाल मिळवून दिल्यापासून माझी भीड अशी चेपली होती की मुख्याध्यापकसुद्धा मला लांबून पाहून रस्ता बदलायचे.

एकतीस ग्रंथपाल खदखदून हसले. बत्तिसावी, म्हणजे माझी मावशी, हसली नाही. पहिल्या रांगेतून मान वळवून तिनं अशी नजर टाकली की आज माझं काही खरं नव्हतं. हे ग्रंथालय तिचंच. आसपासच्या ग्रंथालयांतल्या लोकांसाठी तिनं वरच्या दालनात एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं होतं, विषय होता 'चिडलेला वाचक कसा हाताळावा'. चहा द्यायला, कागद वाटायला आणि सकाळची बारीकसारीक कामं करायला आम्ही तिघी फुकटात मिळालो होतो.

शिकवायला आलेल्या बाईसुद्धा हसल्या नाहीत. त्यांनी उजवा हात वर केला. अनामिका आकड्यासारखी वाकडी होती.

"ड्रॉवरमध्ये चेचलंय," त्या म्हणाल्या. "त्याला हवं असलेलं पुस्तक मी दुसऱ्याला दिलं होतं. माझा हात आत असताना त्यानं ड्रॉवर लाथेनं बंद केला. तीनदा."

त्यांनी हात खाली घेतला.

"आता प्रश्नाचं उत्तर. शब्दकोश फेकायचा नाही. फेकला की हात रिकामे. जाडा घ्यायचा, दोन्ही हातांनी छातीसमोर धरायचा आणि मागे सरकायचं. ये पुढे. तू हल्ला कर."

मला काय, हेच हवं होतं! वर्तमानपत्राची सुरळी घेऊन मी बाईंवर असा हल्ला चढवला की फिरत्या ग्रंथालयाच्या गाडीचे ड्रायव्हरकाका शिट्टी वाजवायला लागले. बाईंनी मला तीनदा अडवलं, चौथ्यांदा माझी सुरळीच फाटली. मग त्यांनी कामं वाटून दिली. एकानं बोलायचं, फक्त एकानं, सपाट आवाजात. एकानं मागच्या दारानं वाचकांना बाहेर काढायचं. एकानं पोलिसांना फोन करायचा. बाकीच्यांनी बोलणाऱ्याच्या पाठीशी उभं राहायचं आणि मधे मधे करायचं नाही.

"पण एक सांगू?" बाई म्हणाल्या. "निम्म्या मारामाऱ्या आपणच फोन करून बोलावतो. कोण काय वाचतंय, कधी येतंय, हे वाचकाशिवाय कुणालाही सांगायचं नाही. नवऱ्याला नाही, बापाला नाही, भावाला तर नाहीच नाही. तुमच्यापैकी किती जण फोनवर पुस्तकाचं नाव सांगता?"

दहा-बारा हात वर गेले. मावशी म्हणाली, "आमच्याकडे अशा वाचकांच्या कार्डांना पिवळी क्लिप असते. क्लिप म्हणजे फोन करू नये, वाचक स्वतः येणार."

माझ्या हातातून सुरळी पडली.

सकाळी साडेनऊला मावशीनं माझ्यापुढे कार्डांचा ट्रे ठेवला होता. ज्यांनी मागितलेली पुस्तकं आली होती, त्यांना फोन करून कळवायचं एवढंच काम. ट्रेमध्ये चार-पाच कार्डांना पिवळ्या क्लिपा अडकल्या होत्या. मला वाटलं, पसारा. मी सगळ्या काढल्या, डबीत भरल्या आणि कार्डं अक्षरानुक्रमानं छान लावली. मग फोन केले. सातवा फोन एका पुरुषानं उचलला.

"घरात नाहीये ती," तो म्हणाला. आवाज इतका गोड की कानाला मुंग्या याव्यात. "मला सांगा ना, निरोप देतो. कुठलं पुस्तक?"

मी वाचून दाखवलं. नवऱ्यापासून कायद्यानं वेगळं कसं व्हायचं, मुलं कुणाकडे राहतात, त्याबद्दलचं पुस्तक होतं.

"अरे वा. आणि ती न्यायला कधी येणार म्हणाली?"

तेही कार्डावर होतं. "आजच. बाराला," मी म्हणाले. वर "धन्यवाद काका" असंसुद्धा म्हणाले.

ते कार्ड भिंतीवाल्या ताईंचं होतं. त्या कायम एकाच खुर्चीत बसायच्या, पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे, म्हणून आम्ही त्यांना ते नाव पाडलं होतं. कडक उन्हातही लांब बाह्या घालायच्या. त्यावरूनही आम्ही विनोद केले होते. एकदा मी चष्म्याला म्हणाले होते, "यांना बहुतेक पंख आहेत, लपवतायत."

दालनातल्या घड्याळात बाराला सात मिनिटं कमी होती.

मी जिन्यावरून अक्षरशः उड्या मारत खाली आले. ताई त्यांच्या खुर्चीत होत्या. मी धापा टाकत सगळं एका दमात ओकून टाकलं. त्या ओरडल्या नाहीत. फक्त विचारलं, "बाराला येणार, हेही सांगितलंस?"

"हो."

"मागचं दार कुठाय?"

मी हात दाखवला, पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. मी वळले. दारात एक माणूस पायपुसण्यावर बूट पुसत होता. नीट, दोन्ही बूट. इस्त्रीचा शर्ट, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबोडकं.

"चल घरी," तो म्हणाला. तोच गोड आवाज.

"नाही," ताई म्हणाल्या.

त्यानं कागद सोडला. आत लोखंडी दांडा होता, गाडीच्या जॅकचा असतो तसा. पहिला फटका ताईंच्या गळ्याखालच्या हाडावर बसला. वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. ताई खुर्चीसकट आडव्या झाल्या. दुसरा फटका त्यांनी हातावर झेलला आणि बाही वर सरकली. तेव्हा मला दिसलं, पंख नव्हते. जुने, नवे, पिवळे, जांभळे वळ होते, मनगटापासून वरपर्यंत, एकावर एक.

वाचणाऱ्यांनी किंकाळ्या फोडल्या. कोणीतरी टेबलाखाली शिरलं. तो मात्र घाईत नव्हता. एकेक फटका तो मोजून मापून घालत होता आणि प्रत्येक फटक्याला तेच विचारत होता. "वेगळं व्हायचंय? वेगळं व्हायचंय तुला?" तिसरा जबड्यावर. रक्त माझ्या बुटांवर उडालं. मी ताईंच्या आणि त्याच्या मधे कधी घुसले ते मला आठवत नाही, पण माझ्या हातात संदर्भाच्या कपाटातला सगळ्यात जाडा शब्दकोश होता. दोन्ही हातांनी. छातीसमोर.

दांडा पुठ्ठ्यावर आदळला. माझे हात खांद्यापर्यंत बधिर झाले. पुन्हा आदळला, पुठ्ठा फाटला, पानं भराभरा बाहेर आली. बाईंनी मागे सरकायला सांगितलं होतं, पण मागे ताई पडल्या होत्या, सरकणार कुठे? मग त्यानं माझ्या पोटात लाथ घातली. मी कपाटावर जाऊन आपटले. श्वास आतही जाईना आणि बाहेरही येईना.

"बाजूला हो, कार्टे. घरचा मामला आहे."

जिन्यावर पावलं धडधडली. सगळ्यात पुढे ड्रायव्हरकाका होते. ते सरळ त्याच्या अंगावरच गेले, नको तेच केलं, आणि दांडा त्यांच्या तोंडावर बसला. काका गुडघ्यांवर कोसळले. त्यांनी ओंजळीत थुंकलं, ओंजळीत दोन दात होते.

"सगळे थांबा!" बाईंचा आवाज. मग तोच आवाज एकदम सपाट झाला. "अहो. इकडे. माझ्याकडे बघा. मी बोलतेय तुमच्याशी."

त्यानं बघितलं. त्या टेबलाच्या पलीकडे उभ्या होत्या, हात उघडे, वाकडं बोट सगळ्यांना दिसेल असं. मावशी खाली वाकून वाचकांना मागच्या दाराकडे ढकलत होती. जिन्यावरून टकळी फोनवर पत्ता सांगत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती कमी आणि मुद्द्याचं बोलली.

"दांडा खाली ठेवा," बाई म्हणाल्या.

"माझी बायको आहे ती."

"ऐकलं मी. दांडा खाली ठेवा."

तो क्षणभर डोळे बारीक करून उभा राहिला. मग हसला आणि वळून ताईंच्या बरगड्यांत बुटाचं टोक घातलं, सगळा जोर लावून. ताईंच्या तोंडून कुकरची वाफ सुटावी तसा आवाज निघाला. दांडा डोक्यावर उचलला गेला, आणि या वेळी तो डोक्यासाठीच होता, हे कुणालाही दिसत होतं.

मी त्याच्या मनगटाला लटकले आणि चावले. शाळेत चावतात तसं नाही. दात मिटेपर्यंत चावले. खारट, गरम काहीतरी तोंडात आलं. त्यानं हात झटकला, माझं डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं, समोरच्या दाताचा तुकडा तुटला, तरी मी सोडलं नाही. सोडलं असतं तर दांडा खाली आला असता.

"ढकला!" बाई ओरडल्या.

परत आलेली पुस्तकं न्यायची ढकलगाडी असते ना, लोखंडी, तीन मजली? ती विश्वकोशाच्या खंडांनी गच्च भरलेली होती. पाच-सहा ग्रंथपालांनी ती धावत आणली आणि त्याच्या मांड्यांत घुसवली. तो भिंतीवर आदळला, गाडी त्याच्यावर, आणि गाडीवर आणखी दहा जण. चष्म्यानं मला कॉलर धरून ओढून काढलं. तो शिव्या देत होता, नखांनी ओरबाडत होता. बालविभागाच्या एक काकू आहेत, लहान मुलांना गोष्टी सांगताना सशाचा आवाज काढतात. त्यांनी बूट काढून त्याच्या बोटांवर मारला, मारला, मारला, दांडा पडेपर्यंत. पडल्यावरही दोनदा मारला. बाईंना त्यांचा हात धरावा लागला.

"पुरे. दांडा पडलाय. पुरे झालं."

पोलीस येईपर्यंत कुणीही गाडी सोडली नाही. मावशी ताईंच्या डोक्याखाली आपली ओढणी ठेवून बसली होती. मी रांगत तिकडे गेले. ताईंचा एक डोळा सुजून बंद झाला होता, दुसऱ्यानं त्या माझ्याकडे बघत होत्या. मला माफी मागायची होती. तोंड उघडलं तर दाताचा तुकडाच बाहेर आला.

याला आता बारा दिवस झाले. ताईंचा जबडा तारांनी बांधलाय, गळ्याखालचं हाड आणि तीन बरगड्या मोडल्यात, डाव्या डोळ्याचं डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. मुलांना ताईंच्या बहिणीनं नेलंय. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी पाटीवर लिहिलं, 'तुझा दात?' मी म्हटलं, "छान दिसतो, शिट्टी मारता येते आता." त्यांच्या खांद्यांवरून कळलं की त्या हसतायत. मग वेदनेनं डोळ्यांत पाणी आलं, आणि मीही रडले.

काल तपासाच्या अधिकारी बाई ग्रंथालयात आल्या होत्या. मावशीनं मला मुद्दाम बोलावून घेतलं, आई-बाबांना न सांगता. ताईंचा नवरा म्हणतोय, मी सहज तिथून चाललो होतो, बायकोनं चारचौघांत अपमान केला, डोकं फिरलं. दांडा म्हणे पंक्चर काढायला घेतला होता. सकाळी ग्रंथालयातून फोन आला होता हे खरं, पण कार्डाची मुदत संपल्याचं सांगायला.

"रागाच्या भरात झालं असं ठरलं, तर तो लवकर सुटेल," अधिकारी म्हणाल्या. "आणि सुटला की तो कुणाकडे जाईल हे मी तुला सांगायला नको. त्याला पुस्तक आणि वेळ आधीच माहीत होती, तो दोन तास तयारी करून आला, हे फोन करणारीच सांगू शकते. पण तुझ्या वडिलांनी लिहून दिलंय की तुला काहीच आठवत नाही."

मला सगळं आठवतं. तो बूट पुसत होता तेसुद्धा.

मला घरी सोडताना मावशी म्हणाली, "क्लिपेचं मी तुला सांगायला हवं होतं. हे मी माझ्या जबाबात लिहिलंय. तू तुझं ठरव."

आज संध्याकाळी आई-बाबा दोघंही घरात होते. मी सांगायला सुरुवात केली तशी आई म्हणाली, "परीक्षा तोंडावर आलीय, बाळा. तू लहान आहेस, कुणी तुला दोष देत नाहीये."

"म्हणूनच तर जबाब द्यायला जाऊ नकोस," बाबा म्हणाले. "त्याचा वकील कोर्टात तुला उभी करून म्हणेल, बाईचा जबडा या मुलीमुळे मोडला. सगळी शाळा ऐकेल. झेपणार आहे तुला?"

"फोन माझ्यामुळे झाला, बाबा. जबडा त्यानं मोडला. वकिलाला हा फरक मी सांगेन."

"हे वादविवादाचं स्टेज नाहीये!"

"माहितीये. स्टेजवर कुणी मरत नाही."

आईनं बाबांकडे पाहिलं, मग माझ्या दाताकडे. मी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"उद्या अकराला मी जबाब द्यायला जाणार आहे," मी म्हणाले. "फोन मी केला, पुस्तक मी सांगितलं, वेळ मी सांगितली, सगळं लिहून सही करणार. मी अठराची नाही, म्हणून तुमच्यापैकी एकानं शेजारी बसायचंय. कोण येणार ते सकाळपर्यंत ठरवा. कुणीच नाही आलात, तर मी मावशीला घेऊन जाईन. पण जाणार."