काळी स्क्रीन

आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सर्व्हर कशाशी खातात हे मला सोडून एकालाही ठाऊक नाही, आणि त्याची कुणाला लाजही नाही. पेशंटचे रिपोर्ट आमच्या वेबसाइटवर चढतात, शेजारचं डायलिसिस सेंटर ते बघून मशीन लावतं. एवढ्या जोखमीच्या कामाला ऑपरेटिंग सिस्टिम निवडायची, तर डॉक्टरांनी मीटिंगला चक्क सगळ्यांना बसवलं.

आधी डॉक्टरांचे जावई बोलले. आठवड्याभराचा कसलासा कोर्स करून आल्यापासून त्यांना शिंगं फुटलीत. "दिसायला छान असेल अशी घ्या. माउस फिरवला की सगळं समोर." सर्व्हर काय दिवाणखान्यात मांडायचाय?

मी डेबियन नावाची सिस्टिम सांगितली, तीही चित्रांविना, नुसती काळ्या स्क्रीनवर अक्षरं दाखवणारी. हलकी, भक्कम, वर्षानुवर्षं कुरकुर न करणारी.

काउंटरवरच्या ताईंनी हात वर केला. नंबर पुकारण्यात उभा जन्म गेलेली बाई. "दादा, तुम्ही नसताना बंद पडलं तर आम्हाला चालू करता येईल का? चार ओळी लिहून ठेवाल?"

"लिहीन हो, पण वाचणार कोण?"

जावई खो खो हसले. ताईंनी मान खाली घातली. डॉक्टर म्हणाले, डेबियनच टाका. त्याच दुपारी मी ती टाकली. चार ओळी अर्थातच लिहिल्या नाहीत.

सहा महिन्यांनी मी बहिणीकडे गेलो होतो, दोन तासांच्या अंतरावर. सकाळी ताईंचा फोन. स्क्रीन काळी दिसली म्हणून जावयांना सर्व्हर बंद वाटला, आणि चालू करायला म्हणून त्यांनी बटण दाबून धरलं. चांगला चालता सर्व्हर बंद पाडला! अकलेचे कांदे सगळे. पुन्हा सुरू केला, तर तो पासवर्ड मागत होता. चोरी झाली तरी रिपोर्ट कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून डिस्कला ते कुलूप मीच घातलं होतं.

"लवकर सांगा दादा. शेजारी सहा पेशंट खोळंबलेत. एका आजींना धाप लागलीय."

पासवर्ड मीटिंगच्या दुपारी ठरवला होता, स्वतःवर खूश होऊन. 'ताई म्हणजे म्हैस'. इंग्रजी अक्षरांत, सलग.

"जावयांना फोन द्या."

"ते डॉक्टरांना शोधायला गेलेत. मी टाकते ना. एकेक अक्षर सांगा."

टी. ए. आय. प्रत्येक अक्षर त्या मोठ्याने म्हणत होत्या, चूक होऊ नये म्हणून. एम. एच. ए. एन. जे. ई. पुन्हा एम. एच. ए. आय. तिथे त्यांचा आवाज थांबला. मला स्वतःची एवढी शिसारी कधी आली नव्हती.

"ताई, मी..."

"शेवटी एस ना?"

"हो."

कळ दाबल्याचा आवाज आला.

"अक्षरं पळायला लागली," त्या म्हणाल्या. "फोन ठेवा आता. मला रिपोर्ट पाठवायचेत."