शिंप्याची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. चर्चच्या मनोऱ्यावरची नव्हे हं. ती थोरली, तिचा मान मोठा. मी आपली फादरांच्या घराच्या व्हरांड्यात टांगलेली, पाण्याच्या तांब्याएवढी. माझी दोरी अंगणावरून थेट बाहेरच्या फाटकापर्यंत जाते. फाटकाबाहेरून कोणी ती ओढली, की मी आत वाजते. काम एवढंच, पण त्याचा मला भारी तोरा होता.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. साच्यातून काढल्यावर ओताऱ्याने मला बोटाने टिचकी मारली आणि तो बायकोला म्हणाला, "ही कारटी तीन गल्ल्या जाग्या करील बघ." त्याचं बोलणं खरं झालं. माझा आवाज खरोखरच तीन गल्ल्यांपलीकडे जायचा. बाळ जन्मलं, ओढा घंटा. नवरा-बायकोचं वाजलं, ओढा घंटा. कोणी शेवटच्या घटका मोजत असलं, तर धावत या आणि घंटा ओढा. मग फादर पवित्र तेलाची डबी घेऊन निघायचे. मरणाऱ्याच्या कपाळाला ते तेल लागावं, प्रार्थना कानावर पडावी, ही आमच्याकडच्या प्रत्येक घराची शेवटची इच्छा असते.

आमचे फादर चौदा वर्षांपूर्वी इथे आले. उंच, किडकिडीत, कामाला वाघ. पहाटे साडेचारला उठायचे आणि दुपारी दोनपर्यंत त्यांच्या पायाला विश्रांती नसायची. दोन ते चार मात्र त्यांना डोळा लागल्याशिवाय चालत नसे. फाटकावर पाटीच होती : 'दुपारी दोन ते चार विश्रांती. तातडी असल्यास घंटा ओढावी.'

आता तातडी कशाला म्हणायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. कोणी साबण विकायला यायचा, कोणी हरवलेली छत्री शोधायला. शाळेतली पोरं तर नुसती ओढून पळायची. एका दुपारी मी पाच वेळा वाजले. सहाव्या वेळी फादर उठले, स्टूल घेऊन आले आणि त्यांनी आपला राखाडी लोकरीचा मोजा माझ्या लोलकावर चढवून वर दोरा बांधला. मग कोणी ओढलं, तरी नुसतं 'थप' व्हायचं. चार वाजता ते मोजा काढून ठेवायचे. स्वयंपाकवाल्या मावशी दुपारी घरी जात, त्यामुळे हे गुपित फक्त आम्हा दोघांचं होतं.

खरं सांगू? मलाही बरं वाटायचं. ऊबदार मोजा, शांत दुपार. आज ते आठवलं की माझं मलाच कसंतरी होतं.

नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी अडीच वाजता दोरीला जोराचा हिसका बसला. थप. पुन्हा हिसका. थप. तिसऱ्यांदा तर मी आढ्याला आपटते की काय, असं वाटलं. बाहेरून हाक आली, "फादर! आई चालली, फादर!" आवाज कोपऱ्यावरच्या शिंप्याचा होता. पत्र्याच्या उंच फाटकाला आतून कडी होती आणि फादर मागच्या खोलीत पंखा लावून झोपले होते. शिंपी मागच्या दाराची किल्ली आणायला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांच्या शाळेकडे धावला. पण सिस्टरांना घेऊन तो परत येईपर्यंत त्याची भाची रडत फाटकाशी पोहोचली होती. म्हातारी गेली होती. तेल लागलंच नाही.

फादर उठले, तेव्हा फाटकाशी गलका चालला होता. त्यांनी आधी मोजा काढून खिशात टाकला आणि मग कडी काढली. हा क्रम मी पाहिलाय, मित्रांनो.

शिंप्याची थोरली बहीण, दवाखान्यातली नर्स, अंगणात उभी राहून भावाला म्हणाली, "तू वेळेत आलाच नव्हतास. दुकानात गिऱ्हाईक असेल, बसला असशील माप घेत."

"ताई, आईशप्पथ आलो होतो. तीनदा ओढली. पण वाजली नाही."

"तीन गल्ल्यांत ऐकू जाणारी घंटा नेमकी तुझ्याच हाताला वाजली नाही?"

शिंप्याने फादरांकडे पाहिलं. "फादर, तुम्ही तरी सांगा."

फादरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते म्हणाले, "मला काही ऐकू आलं नाही."

शब्द न् शब्द खरा होता. तोच तर घात झाला.

कोणीतरी फाटकाशी जाऊन दोरी ओढली आणि मी वाजले. खणखणीत वाजले! एक भला माणूस चारचौघांत खोटा ठरत होता आणि मी आपला गळा दाखवत होते. तेव्हा मला तडा गेला असता, तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून बहिणीने भावाशी बोलणं टाकलं. आणि लोक काय, लोकांना निमित्तच हवं असतं. आमच्याकडे म्हणच पडली : 'शिंप्याची घंटा'. म्हणजे धादांत खोटी सबब. गृहपाठ केला नाही? शिंप्याची घंटा सांगू नकोस. उशीर झाला? झाली का शिंप्याची घंटा सुरू. शिंपी आधी भांडायचा, मग नुसता हसायचा. पुढे पुढे तो माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागला, की त्याला स्वतःचाच भरवसा उरला नसावा.

फादरांनी मोजा पुन्हा कधी चढवला नाही. फाटकाची कडीही काढून टाकली. दुपारी ते व्हरांड्यातच, माझ्याखाली खुर्चीत बसून डुलक्या काढायचे. लोक म्हणायचे, काय साधा माणूस, दार कधी बंद म्हणून नाही. फादर मान खाली घालायचे आणि लोकांना तो विनय वाटायचा. दोनतीनदा ते शिंप्याच्या दुकानापर्यंत गेले. दर वेळी बटणं घेऊन परत आले.

गेल्या रविवारी त्यांचा निरोप समारंभ होता. त्यांची बदली झाली होती. चर्चमध्ये मिस्साची उपासना झाल्यावर अंगणात खुर्च्या मांडल्या. मला चिंच लावून घासलं आणि गळ्यात फुलांची माळ घातली. फादरांच्या अंगात नवा पांढरा झगा होता. तो शिंप्यानेच शिवला होता आणि शिलाई घेतली नव्हती. माप घेताना फादर घामाने भिजले होते म्हणे.

निवृत्त हेडमास्तर भाषणाला उभे राहिले. फादरांचं कौतुक करता करता ते म्हणाले, "एक शिंप्याची घंटा सोडली, तर या दारातली घंटा आजवर वाया गेली नाही!" अंगण खो खो हसलं. शेवटच्या रांगेत शिंपीही सवयीने हसला.

फादर हसले नाहीत. त्यांनी हातातला भाषणाचा कागद घडी करून ठेवला आणि झग्याच्या खिशातून तो राखाडी मोजा काढला.

"त्या दुपारी हे वेळेत आले होते," शेवटच्या रांगेतल्या शिंप्याकडे पाहत ते म्हणाले. "तीनदा घंटा ओढली होती. झोपमोड होऊ नये म्हणून मी लोलकावर हा मोजा चढवला होता. मला काही ऐकू आलं नाही, असं मी म्हणालो. ते खरं होतं, पण खरं बोलून मी यांना खोटं पाडलं. मला लाज वाटली म्हणून मी गप्प बसलो, आणि जितका गप्प बसलो तितकी लाज वाढत गेली. नऊ वर्षं तुम्ही ज्याला हसलात, ते माझं पाप होतं."

हेडमास्तर उभ्याचे खाली बसले. पहिल्या रांगेतली नर्स उठली. ती फादरांना एवढंच म्हणाली, "चढवा तो मोजा परत."

फादर नव्या झग्यानिशी स्टुलावर चढले. माळ बाजूला सारून त्यांनी मोजा चढवला, दोरा बांधला. पहिली गाठ सुटली, ती त्यांनी पुन्हा बांधली. नर्स फाटकाबाहेर गेली आणि तिने दोरी ओढली.

थप.

पुन्हा ओढली. थप. तिसऱ्यांदा तिने दोन्ही हातांनी, होता नव्हता तो जोर लावून ओढली. थप.

माझा अख्ख्या जन्मातला खरा आवाज तेवढाच, मित्रांनो. तीन गल्ल्या सोडा, तो तिसऱ्या रांगेतही गेला नाही.

ती आत आली, सगळ्या रांगा ओलांडून मागे गेली आणि भावासमोर उभी राहिली.

"असंच काही ऐकू आलं नव्हतं?"

"काहीच नाही, ताई."

तिने शेजारची खुर्ची ओढली आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली. शिंपी मान खाली घालून लहान पोरासारखा रडला. फादर निघाले, तेव्हा त्याने हात जोडले नाहीत, की तोंडही फिरवलं नाही. फक्त त्यांच्या झग्याच्या कॉलरवर राहिलेला एक दोरा दिसला, तो तोडून दिला.

आता नवे फादर आलेत. मोजा अजून माझ्या लोलकावरच आहे. काढायला कोणाचा हात धजत नाही, आणि मलाही घाई नाही. तोवर लोक फाटक ढकलून सरळ आत येतात.

मित्रांनो, मला चिंचेने घासू नका, माळाही घालू नका. एवढंच करा. कोणी धापा टाकत येऊन म्हणाला, की "ओढली, पण वाजली नाही", तर त्याला हसण्याआधी स्टूल घ्या आणि माझ्या पोटात डोकावून बघा.