सोळाच्या जागी आठ

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो असं घरचे म्हणतात, ते खोटं नाही. पण त्या मंगळवारी चिडण्याचा मला पुरेपूर हक्क आहे, असंच मला वाटत होतं.

आमचं ऑफिस नदीच्या पुराचा अंदाज काढतं. त्यासाठी आणलेली कॉम्प्युटरची सहा नवी मशिनं जुन्यांपेक्षाही रेंगाळत होती. ती पुरवली होती माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने, रीतसर निविदा भरून. तपासणी माझ्याकडे आली तेव्हा दोघा-तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मीही ठरवलं, भाऊ असेल तर त्याच्या घरी.

कागदावर लिहिलं होतं: आठ कोअर, सोळा थ्रेड. म्हणजे प्रोसेसरचा एकेक कोअर एकाच वेळी दोन कामं रेटणार. एका शेगडीवरचं उकळेपर्यंत दुसरीवरचं ढवळून घेणाऱ्या बाईसारखा. मशिनच्या आत काय चाललंय ते दाखवणारा टास्क मॅनेजर मी उघडला. कोअर आठ, थ्रेडही आठच. सहाही मशिनवर तेच. या प्रोसेसरला दोन कामं जमतच नाहीत, दादाने हलका माल आमच्या गळ्यात मारला, असं मी धरून चालले आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

दादाच्या दुकानात फोन लावला. ज्याने मला कॉम्प्युटरला हात लावायला शिकवलं, त्या दादाला मी चोर म्हटलं. तो एवढंच म्हणाला की माल तो स्वतः आणतो, जोडणी मिस्त्री करतात, बघून सांगतो. मिस्त्री म्हणजे त्याच्या दुकानातले म्हातारे कारागीर, वीस वर्षं तिथेच. बघायचं काय डोंबल, म्हणत मी फोन आपटला. पुरवठादाराला यादीतून काढावं, असा अहवाल लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अहवाल परत आला. प्रोसेसरच्या मॉडेल नंबरचा रकाना मी रिकामा सोडला होता. चरफडत नंबर उतरवला, कंपनीच्या तक्त्याशी ताडला. आठ कोअर, सोळा थ्रेड. मशिन पुन्हा सुरू करून बायोसच्या, म्हणजे मशिनच्या अगदी मुळातल्या सेटिंगमध्ये शिरले. खूप आत एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याची सोय होती, आणि ती बंद होती. चालू केली. टास्क मॅनेजरने निमूटपणे सोळा दाखवले.

बंद कोणी केली? ऑर्डरचे कागद काढले. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात अट होती: सुरक्षिततेसाठी ही सोय बंद ठेवूनच मशिन द्यावं. तीन वर्षांपूर्वी या सोयीतून माहिती फुटण्याची भीती होती, तेव्हाची ती अट. पुढे आम्ही तो नियम सोडला, पण पान मात्र प्रत्येक ऑर्डरला जोडलं जात राहिलं. खाली सही माझी. मला मेलीला ते आठवलंसुद्धा नव्हतं.

साहेबांना जाऊन सांगितलं, चूक माझी आहे, अहवाल रद्द करा. ते बरंच बोलले. तिथून तडक दुकान गाठलं.

दादा मिस्त्रींच्या टेबलाशी बसून स्वतःच स्क्रू पिळत होता. मी सगळं सांगितलं, हात जोडले, म्हटलं, मला वाट्टेल ते बोल.

"मी माल चोख आणला होता," तो म्हणाला. "मग प्रोसेसर कोणी बदलला? मिस्त्रीच उरले. काल सगळ्यांसमोर मी त्यांची पिशवी उलटी केली. डबा, चष्मा आणि तुमच्या ऑर्डरचं शेवटचं पान निघालं. प्रत्येक अटीपुढे पेन्सिलची खूण. आज ते कामावर आलेच नाहीत."

"ते पान तू वाचलं नाहीस?"

"वाचायच्या मनःस्थितीत होतो का मी?"

माझा राग दादावर निघाला, दादाचा त्यांच्यावर. त्यांनी कोणावर काढायचा?

आम्ही दोघं लगेच निघालो. मिस्त्रींचं घर दोन गल्ल्या पलीकडे. सुनेने दार उघडलं, अर्धंच. बाबा झोपलेत, म्हणाली. आतून त्यांचा आवाज आला, अगदी शांत, नेहमीसारखा.

"त्यांना सांग, पिशवी बघायची असेल तर खुंटीला आहे."