दुधीच्या वेलावरची सातची गाडी

आमचे सासरे जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी स्वयंपाकघराच्या दारात कोणी उभं राहिलं की अजून म्हणतात, "पुढे सरका, पुढे जागा आहे." आमचे हे इलेक्ट्रिशियन. गावभरचे दिवे लावत हिंडतात आणि घरातला पंखा मात्र वर्षभर 'उद्या बघतो'वर फिरतोय. या दोघांच्या मध्ये मी, गरीब गाय. हसू नका, खरंच सांगतेय.

सासूबाई गेल्या त्याला दोन वर्षं झाली. चष्म्याच्या जुन्या घरात त्यांनी दुधीचं बी जपून ठेवलं होतं. तसला आखूड, गुबगुबीत दुधी बाजारात शोधून मिळत नाही. गेल्या वर्षी मागच्या अंगणात वेल नुसता लगडला होता, आणि आम्ही तिघांनी अधाशासारखे सगळे दुधी कोवळेच खाऊन टाकले. बियांसाठी एखादा जून ठेवायचा असतो, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. ते काम कायम सासूबाई करायच्या, मग आम्ही कशाला डोकं चालवतोय! यंदा चष्म्याच्या घरातलं उरलंसुरलं बी पेरलं, त्यातलं एकच उगवलं. या वेलाला एक तरी दुधी धरला नाही, तर सासूबाईंचं वाण कायमचं संपलं.

वेल वाढला झकास. फुलंही आली, पांढरीशुभ्र. पण प्रत्येक फुलामागचा बोटभर दुधी चार दिवसांत पिवळा पडायचा आणि गळायचा. एकदा मी नराचं फूल तोडून मादीच्या फुलावर स्वतः घासलं, तर कोवळ्या दुधीची मानच मोडली. सासरे म्हणाले, "सूनबाई, तू भाकरी थाप. हे नाजूक काम तुझं नव्हे."

"मग कोणाचं?"

"सातच्या गाडीचं."

सातची गाडी म्हणजे एक पतंग. आकाशात उडवतात तो नव्हे, पाकोळीसारखा, अंगाने चांगला जाडजूड. ह्यांनी मोबाइलवर बघून सांगितलं की त्याला हॉकमॉथ म्हणतात. गेल्या वर्षी दिवेलागणीला, सातच्या सुमारास दुधीची फुलं उमलली की हजर. बसायचं नाव नाही. हवेतल्या हवेत थांबून, गुंडाळलेली लांबलचक सोंड उलगडायची, फुलात घालायची, रस प्यायचा, की पुढचं फूल. चहा उभ्याउभ्याच घेऊन निघणाऱ्या पाहुण्यासारखा. जाताना या फुलाचा पराग त्या फुलाला लागायचा आणि आमचा दुधी धरायचा. सासरे खुर्ची टाकून बघत बसायचे आणि मला हाक मारायचे, "आली गं, सातची आली!"

यंदा गाडी येत नव्हती असं नाही. येत होती, पण भलत्याच स्टॉपवर थांबत होती.

झालं काय, की हिवाळ्यात सासरे मागच्या पायरीवरून घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. ह्यांनी लगेच मागच्या भिंतीवर हा एवढा मोठा बल्ब लावला. बटण नाही, काही नाही. अंधार पडायला लागला की आपोआप पेटणारा. अंगणात मुंगी दिसेल एवढा उजेड! त्या दिवशी ह्यांची कॉलर जी ताठ झाली, ती काही खाली येईना. आता दुधीचे ते पतंग फुलं सोडून त्या बल्बभोवती गरगर फिरत बसायचे, आणि बल्बखाली एक पाल आयतं जेवून जेवून फुगत चालली होती.

"बाबा, ह्यांना सांगा ना दिवा काढायला," मी म्हटलं.

सासऱ्यांनी आधी आपला दुखरा पाय चोळला. मग म्हणाले, "मी जन्मभर ड्यूटीवर. हा कधी मोठा झाला, मला कळलंसुद्धा नाही. आम्ही दोघं बोलायचो ते तुझ्या सासूमार्फत. ती गेल्यावर पहिल्यांदा त्याने आपणहून माझ्यासाठी काहीतरी केलंय, आणि मी म्हणू काढ म्हणून? जाऊ दे वेल."

"आणि बी?"

"जाऊ दे म्हटलं ना!" असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. मला भडभडून आलं. आणि त्याहून जास्त राग आला. दोघंही एक नंबरचे मुखदुर्बळ! बायको दोन वर्षांपूर्वी गेली आणि आता तिचं बी घालवायला निघाले, पण पोराला एक वाक्य बोलायचं नाही.

मग मी माझा मार्ग काढला. संध्याकाळी पीठ मळता मळता उठले, स्टुलावर चढले आणि बल्ब होल्डरमध्ये ढिला करून आले. सासरे पडू नयेत म्हणून शेंगा सोलायचं निमित्त करून त्यांच्या खुर्चीला खेटून पायरीवर बसले.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी बल्ब घट्ट केला. मी संध्याकाळी परत ढिला केला. ह्यांनी होल्डर बदलला. मी नवा होल्डरही मानला नाही. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय हो, इलेक्ट्रिशियनच्या घरी लाइट नाही?" ह्यांचा चेहरा असा झाला, की मला दया आली. पण मी ढिम्म.

एका संध्याकाळी स्टुलावर चढले, तर बल्ब आधीच ढिला! माझं डोकंच फिरलं. तरातरा सासऱ्यांकडे गेले. "बाबा, शोभतं का हो या वयात? परत पाय मोडून घ्यायचाय? स्टुलावर चढलात?"

"मी? अगं, मला पायरी चढवत नाही, स्टूल कुठलं? मला वाटलं, रोज तूच करतेस."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. घरात तिसरं माणूस एकच.

तेवढ्यात हे आले. खिशातला टेस्टर काढला, वायर बघितली, होल्डर बघितला, उगीच भिंतीवर टकटक केली आणि सासऱ्यांसमोर उभे राहिले. "बाबा, हा फॉल्ट काही मला सापडत नाही. दिवा आता बंदच राहू दे."

"तुला फॉल्ट सापडत नाही?" सासरे म्हणाले.

"नाही ना." मग माझ्याकडे वळून हळूच, "पुढच्या वेळी हात धुऊन चढ. बल्बवर पिठाची पाची बोटं उमटली होती."

सासरे एवढे हसले, की त्यांना ठसका लागला. हसता हसता डोळे पुसायला लागले, आणि ह्यांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. या दोघांना एकमेकांना हात लावताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते. इतक्यात वेलाकडून फुर्रर्र आवाज आला. कोणीच ओरडलं नाही, गाडी आलेली तिघांनाही दिसत होती.

आठवड्याने पायरीच्या कडेला, घोट्याच्या उंचीवर, खाली तोंड केलेला इवलासा दिवा लागला. पायरी दिसते, वेल अंधारात राहतो. स्वयंपाकघरातला पंखा अजून तसाच आहे, ते सोडा.

दुधी एकच धरला. शेजारणीने भाजीसाठी दोनदा मागितला, मी दोनदा ऐकू न आल्यासारखं केलं. वेलावरच तो जून झाला, वाळला, हलवला की आत बिया खुळखुळायला लागल्या. सासऱ्यांनी तो मांडीवर घेऊन फोडला, बिया चष्म्याच्या घरात भरल्या आणि त्यातली एक ह्यांच्या तळहातावर ठेवली.

"हे तुझं तिकीट. उतरेपर्यंत सांभाळायचं. मी आधी उतरणार आहे."

 ह्यांनी ती शर्टाच्या खिशात टेस्टरशेजारी ठेवली, आणि वरून खिसा एकदा दाबून बघितला.