पडवीतली सीएनसी आणि बाप्पाचं चक्र

"बाप्पाच्या मागं चक्र लावायचं ठरलं होतं ना गं? हे तर अंडं हाय!"

गोमाकाकांनी प्लायवूडचा कोरलेला तुकडा उजेडात धरला आणि पडवीत जमलेली सगळी आळी खो खो हसली. आरोहीही हसली असती, पण ते अंडं तिच्याच मशीननं घातलं होतं.

ही आरोही दहावीतली, राहणार कशेळे. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाकीच्या मुली मामाकडे गेल्या आणि ही भंगारात घुसली. मोडक्या प्रिंटरच्या मोटरी आणि पट्टे, ड्रॉवरचे चॅनल, ऑनलाइन मागवलेलं एक सर्किट, लाकूड कोरणारी एक छोटी मोटर, आणि हे सगळं ज्याच्यावर बसवायचं तो जाड प्लायवूडचा पाट. एवढ्यातून उभी राहिली घरची सीएनसी मशीन! कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, बटण दाबायचं, की मशीन आपली आपण तीच नक्षी लाकडात कोरते. मे महिन्यात तिनं दारावरची नावाची पाटी अशी झकास कोरली, की आळीच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष गोमाकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "या वर्षी मखर इकत नाय आणायचं. आपली आरोही करंल."

आणि आता गणपती तोंडावर आले असताना हे अंडं. चक्राच्या रेषेची दोन टोकं एकमेकांना भेटलीच नव्हती, आणि एक बाजू तर कुणीतरी वर बसल्यासारखी चेपली होती.

"रविवारी सकाळी मी टेंपो लावतो," गोमाकाका म्हणाले. "तवर झालं तर झालं. नायतर कर्जतवरनं तयार मखर उचलतो. बाप्पा काय तुझ्यासाठी थांबायचा नाय."

"होणार काका. टेंपोवाल्याला आत्ताच नाही म्हणून सांगा."

"तोंड बघा पोरीचं! मशीन अंडी घालतेय आणि ही टेंपो परत पाठवतेय!"

बोलून तर बसली. मखर कर्जतहून आलं, तर पुढची कित्येक वर्षं आळीत तिला कुणी साधा पाट करायला सांगणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गावात चेष्टा फार टिकते.

आधी तिला वाटलं, नक्षीच चुकली असेल. तपासली. नक्षी चोख होती. मग पट्टे आवळले. पुन्हा अंडं. चॅनलना तेल घातलं, मशीनचा वेग कमी केला. परत अंडं, आणि या वेळी तर आधीच्यापेक्षा मोठं.

"डझनभर झाली की सांग," आतून विमलआत्याचा आवाज आला. "बुर्जी टाकते."

आरोही फणकारून मागच्या अंगणात निघाली, तर मागचं दार उघडेना. ओढलं, हलवलं, शेवटी खांदा लावला.

"जोर लाव की जरा! पावसात फुगतंय ते, म्हायती नाय का?" आत्या ओरडली.

आरोहीचा खांदा दाराला तसाच चिकटून राहिला. म्हायती नाय का? अहो, इथं जन्मलेल्या कुणाला हे माहीत नसतं! आषाढ लागला की घरोघरची दारं रुसतात आणि दसऱ्यापर्यंत सगळं घर खांद्यानंच ये-जा करतं. आणि या बाईसाहेबांनी मे महिन्याच्या कडक उन्हात, एवढी हुशारी लावून, मशीन बसवली कशावर? लाकडावर!

ती टेप घेऊन पडवीत धावली. दोन चॅनलमधलं अंतर पुढून मोजलं, मागून मोजलं. सारखं नव्हतंच. पाट फुगून वाकला होता, आणि त्याच्याबरोबर चॅनलही तिरके झाले होते. मोटर त्या अरुंद भागात गेली की अडत होती, आणि बिचाऱ्या कॉम्प्युटरला ते कळतच नव्हतं. त्याच्या हिशेबानं चक्र मस्त गोल चाललं होतं.

"सापडलं!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की खालापूरच्या कंपनीतून नुकतेच आलेले पप्पा बूट हातात घेऊनच आत आले.

सगळं ऐकून ते म्हणाले, "मग त्यात काय? रंधा मारू थोडा. दाराला मारतो तसा."

"पप्पा, आत्ता रंधा मारला तर दिवाळीत तेच ढिलं होणार. मग थंडीत पाचर मारत बसू? लाकूडच नको. न फुगणारं काहीतरी पाहिजे. सपाट, जड, पाण्यालाही दाद न देणारं..."

बोलता बोलता तिची नजर उघड्या मागच्या दारातून अंगणात गेली. आत्या कपडे आपटत होती. विटांवर ठेवलेला काळाभोर, गुळगुळीत कडप्पा. बारा महिने पाण्यात, आणि आहे तसाच.

"आत्याऽऽ," आरोहीनं गोड आवाज काढला.

"नाय."

"मी काही बोलले तरी का?"

"तुझा आवाज बोलला. मागच्या खेपेला असाच आला आणि माझ्या कपाटाचे ड्रॉवर गेले. मी कपडे कुठं आपटू, तुझ्या टाळक्यावर?"

"अगं, बाप्पाच्या कामाला..."

"बाप्पाला मधी घालू नको. खरं सांग, होईल का?"

आरोहीनं मस्करी सोडली. "होईल. आत्तापर्यंत अंदाजानं करत होते, आता मोजून बघितलंय. चूक कुठंय ते कळलंय मला."

आत्यानं साडी पिळली, झटकली, दोरीवर टाकली आणि मगच बोलली. "उचलायला तुझ्या बापाला घे. माझी कंबर त्यात नाय द्यायची."

पप्पांनी शेजाऱ्यांना हाक मारून कडप्पा पडवीत आणला. आरोहीनं त्याला भोकं पाडायला घेतली. ड्रिल हळूहळू चालवत होती ती, आणि दगड तापून तडकू नये म्हणून आत्या तांब्यातून पाण्याची धार धरून उभी. ओरडतही तीच होती, "सरळ धर गं, सरळ!" चॅनल बोल्टांनी आवळले. पुढून मोजलं, मागून मोजलं. केसाचा फरक नाही!

रविवारी सकाळी दारात टेंपोचा हॉर्न वाजला. गोमाकाका उतरले, तर काखेत घरचं स्टीलचं ताट. चक्र तपासायला आणलेलं!

मोटर नुकतीच थांबली होती. आरोहीनं भुसा फुंकला आणि बाजूला झाली. काकांनी ताट चक्रावर पालथं घातलं, गोल फिरवलं, वाकून एक डोळा मिटून चारी बाजूंनी फट शोधली. मग पुन्हा एकदा शोधली. पडवीत कुणी हसेना.

"गोल हाय," ते शेवटी म्हणाले, आणि बाहेर वळून ओरडले, "बंद कर रं टेंपो!"

"नको, चालू राहू दे!" आरोही म्हणाली. "मागची बाजू झाली, पण अंडी घालण्यात प्लायवूड संपलं. दोन्ही बाजूंच्या कमानी बाकी आहेत. कर्जतहून एक अख्खी शीट घेऊन या काका. आणि वर ताडपत्री टाका, भिजवून आणलीत तर परत पाठवीन."

गोमाकाकांनी एकदा पोरीकडे, एकदा मशीनकडे पाहिलं. मग ताट काखेत मारलं आणि निमूट टेंपोत चढले.