तिसऱ्या रांगेतली भागूबाई

त्या तळघरात तेव्हा चार हजार उंदीर होते. म्हणजे होते एकशे वीसच, पण मावशीच्या तोंडी चार हजार. आणि प्रत्येकाला म्हणे ती चेहऱ्यावरून ओळखायची.

आता ती इमारत राहिली नाही. पण लाकडाच्या भुशाचा वास कुठून आला, की मावशी बोलता बोलता थांबते. तिचा उजवा हात आपोआप पोटाशी जातो, जिथे तेव्हा ॲप्रनचा खिसा असायचा.

बावीस वर्षं तिने त्या प्रयोगशाळेत पिंजरे धुतले, भुसा बदलला, खाणं मोजून घातलं. शेवटचा मोठा प्रयोग संशोधक बाईंचा. बाई म्हणजे अगदी पोर, मावशीच्या धाकटीएवढी. पिंजऱ्यांच्या चार रांगा, एकीवर एक. खालच्या दोन रांगांना साधं खाणं, वरच्या दोन रांगांना चरबी-साखरेच्या गोळ्या. महिन्याभरात वरची मंडळी गुबगुबीत झाली आणि खुट्ट झालं की कोपऱ्यात लपायला लागली.

"खाऊन खाऊन वाघ व्हायचं, तर हे ससे झाले की हो," मावशी म्हणाली.

"तेच तर बघायचंय," बाई म्हणाल्या. "असल्या खाण्याने जी धास्ती बसते, ती औषधाने कमी होते का."

औषध म्हणजे कॅनाबिडिऑल. भांगेच्याच झाडातलं, पण नशा न आणणारं. मावशीची जीभ त्या नावावर अडखळायची, म्हणून ती नुसतं 'थेंब' म्हणायची. तिसऱ्या रांगेला निळ्या बुचाच्या बाटलीतले थेंब, चौथीला लाल बुचाच्या. एकीत औषध, दुसरीत साधं तेल. कशात काय, ते एका बंद पाकिटात. बाईंनासुद्धा ठाऊक नव्हतं.

दारावरचा वॉचमन रोज डिवचायचा, "काय मावशी, तुझे उंदीर भांग ढोसतात म्हणे!"

"भांग चढली असती ना, तर तुझ्या खुर्चीत बसून तुझ्यापेक्षा बरा पहारा दिला असता त्यांनी. निदान घोरले तरी नसते."

तिसऱ्या रांगेत एक उंदरीण होती, सगळ्यात भित्री. मावशीने तिचं नाव ठेवलं भागूबाई. पिंजरा धुवायला बाहेर काढली की ती अशी थरथरायची, की मावशी शपथेवर सांगते, टेबलावरचा कप वाजायचा. मग एके दिवशी मावशीने तिला खिशात टाकलं आणि एका हाताने पिंजरा घासता घासता गोष्ट सांगायला लागली. तिच्या मामाने एका फुंकरीत गावची आग विझवली ती. भागूबाई खिशात गप्प झोपली.

एकीला घेतलं, मग शेजारणीचा काय गुन्हा? हळूहळू अख्खी तिसरी रांग पाळीपाळीने खिशात झोपायला लागली. चौथीही झोपली असती. पण चौथी सगळ्यात वर, स्टुलावर चढावं लागायचं, आणि गुडघे आधीच कुरकुरत होते. तिथले पिंजरे मावशी कशीबशी उरकायची आणि खाली उतरायची.

मग परीक्षेचा दिवस आला. उंचावर अधिकच्या चिन्हासारखी फळी. दोन हातांना भिंती, दोन उघडे. घाबरट उंदीर भिंतीआड दडतो, निवांत असेल तो उघड्यावर येतो. चौथी रांग भिंतीला चिकटली. तिसरी रांग मात्र बागेत फिरायला आल्यासारखी उघड्यावर! भागूबाई तर टोकाशी बसून मिशा साफ करत होती.

बाईंचे डोळे चमकले. त्यांनी पाकीट फोडलं. तिसऱ्या रांगेच्या निळ्या बुचाच्या बाटलीत साधं तेल होतं.

दुपारी बाई जिन्यात बसल्या होत्या. डबा मांडीवर, झाकण तसंच बंद. "तीन वर्षं, मावशी," त्या म्हणाल्या. "औषधाचा उपयोग नाही. उद्या तसं लिहून टाकते."

नियम मावशीला पाठ होता: जनावर हाताळायचं ते कामापुरतं. कबूल करावं, तर नोकरी गेली. गप्प बसावं, तर पोरीच्या हातून खोटं लिहून जायचं. आयुष्यभर तिने थापाच मारल्या होत्या, पण ऐकणाऱ्याला कळेल अशा. ही थाप कुणालाच कळली नसती.

तिने ॲप्रन काढून बाईंसमोर धरला. खिशाच्या शिवणीत पांढरे केस अडकले होते.

"थेंबांचा दोष नाही हो, या खिशाने केलं. तिसरी रांग चाळीस दिवस इथे झोपलीय."

बाईंनी शिवणीतला एक केस उपटून बघितला. मग ओरडल्या. मग रडल्या. मग नाक पुसत विचारलं, "आणि चौथी का नाही?"

"गुडघे."

बाईंना हसू फुटलं, ते थांबेना. "मावशी, पुन्हा सगळं पहिल्यापासून. नवे उंदीर. या वेळी चारही रांगांना खिसा, प्रत्येकाला घड्याळ लावून दोन मिनिटं. वरची रांग मी काढून देईन."

"आणि गोष्ट?"

"सगळ्यांना एकच. शब्दाचाही फरक नको."

नोकरी वाचली, पण शिक्षा जबर होती. रोज एकशे वीस वेळा मामाने आग विझवायची आणि एकदाही पूर आणायचा नाही! बाई स्टुलावर, मावशी खाली, मध्ये घड्याळाची टिकटिक. डबा दोघी एकत्र खायच्या. तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

भागूबाईचं पुढे काय झालं, असं नातवंडं विचारतात. कधी ती वॉचमनच्या डब्यात बसून पळाली, कधी जहाजावर कप्तान झाली. दर वेळी वेगळं सांगते मावशी, आणि दर वेळी पटकन विषय बदलते.

पण दुसऱ्या खेपेला थेंबवाले उंदीर किती जास्त धीट निघाले, असं कुणी विचारलं, की चार हजार उंदरांची मावशी दोन बोटं जवळ आणते, आणखी जवळ आणते.

"थोडे," ती म्हणते. "बाईंनी लिहिलं तेवढेच."